मेंढ्या-शेळ्यांतील पट्टकृमी: लेंड्यांमधील पांढरे खंड काय सांगतात?

सकाळी वाघर उचलताना लेंड्यांवर भाताच्या शितासारखे पांढरे, चपटे तुकडे दिसतात. कधी कोकराच्या शेपटीखाली पांढरी फीत लोंबताना दिसते. हे तुकडे म्हणजे पट्टकृमीचे खंड. ते दिसले की बहुतेक पशुपालक घाईने जंताचे औषध आणतात आणि पूर्ण कळपाला पाजतात. काही दिवस खंड दिसत नाहीत, नंतर पुन्हा दिसू लागतात. मग औषधाला दोष दिला जातो किंवा डोस वाढवला जातो.

असे का होते, हे पट्टकृमीच्या शरीररचनेत दडले आहे. लेंडीत दिसणारा खंड हा या कृमीचा शेवटचा, पिकून गळलेला भाग असतो. खंड तयार करणारे डोके आतड्यात चिकटून राहिलेले असते. खंड कुठे तयार होतो, कसा पिकतो आणि केव्हा गळतो हे समजले, तर औषध केव्हा द्यावे, कोणते द्यावे आणि त्याचा परिणाम कसा तपासावा हे ठरवणे सोपे जाते.

मिरज परिसरात या विषयाचे महत्त्व

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके कमी पावसाचे आहेत. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी उंच बांधा आणि जलद वाढ यासाठी प्रसिद्ध आहे. पाऊस सरल्यावर चाऱ्याच्या शोधात अनेक कळप कृष्णाकाठी उतरतात आणि मिरज तालुक्यातील मोकळ्या शेतांत खतासाठी बसवले जातात. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेमुळे तालुक्याच्या कोरडवाहू भागातही पाणी पोहोचले आहे. कालव्याचे काठ, पाटाच्या कडा, उसाचे बांध येथे वर्षातील बराच काळ हिरवे गवत आणि ओलावा मिळतो.

हा हिरवा चारा कळपाला तारतो. मात्र पट्टकृमीचा प्रसार करणारा सूक्ष्म जीवही अशाच ओलसर, न नांगरलेल्या गवतात राहतो. म्हणून कोरड्या माळावरून बागायती पट्ट्यात आलेल्या कोकरांमध्ये आणि करडांमध्ये पट्टकृमीकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

पट्टकृमीचे शरीर: डोक्यापासून शेवटच्या खंडापर्यंत

मेंढ्या-शेळ्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा पट्टकृमी म्हणजे मोनिएझिया. यातील मोनिएझिया एक्स्पान्सा ही जात मुख्यतः मेंढ्या-शेळ्यांत, तर मोनिएझिया बेनेडेनी ही जात मुख्यतः गाई-म्हशींत आढळते. मोनिएझिया एक्स्पान्सा लहान आतड्यात राहतो. त्याची लांबी ६ मीटरपर्यंत आणि रुंदी सुमारे दीड सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. त्याला तोंड नसते, पोट नसते, आतडेही नसते. जनावराने पचवलेले अन्न तो आपल्या त्वचेतून शोषून घेतो. त्याच्या शरीराचे पुढील भाग पडतात.

१) डोके: टाचणीच्या डोक्याएवढे. यावर ४ चूषक असतात आणि त्यांच्या साहाय्याने कृमी आतड्याच्या आतील थराला चिकटतो. मोनिएझियाच्या डोक्यावर आकडे नसतात. कुत्रा व माणसातील काही पट्टकृमींमध्ये मात्र चूषकांबरोबर आकड्यांचे कडेही असते.

२) मान: डोक्यामागील अरुंद, खंड नसलेला भाग. सर्व नवे खंड येथेच तयार होतात. नवा खंड तयार झाला की आधीचे खंड मागे ढकलले जातात. म्हणून मानेजवळचा खंड सर्वात कोवळा आणि टोकाचा खंड सर्वात जुना असतो.

३) अपक्व खंड: मानेलगतचे अरुंद खंड. यांत प्रजननाचे अवयव अजून तयार झालेले नसतात.

४) पक्व खंड: शरीराच्या मधल्या भागातील खंड. प्रत्येक खंडात नर आणि मादी असे दोन्ही प्रकारचे अवयव असतात. मोनिएझियात तर प्रत्येक खंडात हे अवयव दुहेरी असतात आणि जननछिद्रे दोन्ही कडांना उघडतात. दोन खंडांत किंवा शेजारच्या दोन कृमींत फलन होते.

५) गर्भित खंड: शेवटच्या टोकाचे खंड. यातील इतर अवयव जवळजवळ नाहीसे होतात आणि संपूर्ण खंड अंड्यांनी भरतो. एका खंडात हजारो अंडी असतात. हे खंड एकेकटे किंवा माळेने तुटून लेंडीबरोबर बाहेर पडतात.

डोके आणि मान सोडून मागच्या सगळ्या खंडांच्या माळेला शास्त्रीय भाषेत स्ट्रोबिला म्हणतात. लेंडीत आपल्याला दिसते ते या माळेचे शेवटचे टोक. टोकाचे खंड गळत राहतात आणि मानेकडून नवे येत राहतात. त्यामुळे खंड पडले म्हणून जंत कमी झाला, असे समजू नये.

जेलीफिशमध्येही खंड पडतात, पण हेतू वेगळा

स्ट्रोबिला हा शब्द जेलीफिशसाठीही वापरला जातो. शरीराचे खंड कशासाठी पडतात, हे या तुलनेतून नीट कळते. पूर्ण वाढलेला जेलीफिश समुद्रात तरंगतो, पण अनेक जातींच्या आयुष्यात एक अवस्था तळाशी चिकटून असते. काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती स्पर्शिका असलेला हा जीव खडकाला किंवा शिंपल्याला धरून राहतो. अनुकूल काळ आला की त्याच्या शरीरावर आडव्या खाचा पडतात आणि बशा एकावर एक रचून ठेवल्यासारखा तो दिसू लागतो. वरच्या टोकाची बशी सर्वात आधी सुटते आणि पोहत निघून जाते. ही बशी म्हणजे जेलीफिशचे पिल्लू. नॉर्वेचे शास्त्रज्ञ मायकेल सार्स यांनी १८२९ मध्ये या अवस्थांचे वर्णन वेगवेगळे प्राणी म्हणून केले होते. त्या एकाच प्राण्याच्या अवस्था आहेत, हे त्यांना पुढील अभ्यासात स्पष्ट झाले.

दोन्हींत साम्य असे की टोकाचा खंड आधी सुटतो आणि चिकटलेला मूळ भाग मागे राहतो. फरक असा की जेलीफिशची सुटलेली बशी स्वतः खाते, वाढते आणि पूर्ण प्राणी होते. पट्टकृमीचा सुटलेला खंड वाढत नाही. तो केवळ अंड्यांची पिशवी असतो आणि बाहेर पडल्यावर काही काळात फुटून वाळून जातो. जनावराने तो खंड खाल्ला तरी त्याला पट्टकृमी होत नाही. पुढचा टप्पा गवतातल्या एका वेगळ्या जीवात पूर्ण व्हावा लागतो. जेलीफिशचा तळाशी राहिलेला भाग जसा पुढे पुन्हा बशा तयार करू शकतो, तसेच पट्टकृमीचे डोके व मान आतड्यात राहिली तर नवी माळ तयार होते. उपचाराच्या दृष्टीने हीच बाब सर्वात महत्त्वाची आहे.

गवतातील माइट आणि पट्टकृमीचे जीवनचक्र

मेंढीला पट्टकृमी नेमका कसा होतो, हे बराच काळ कोडे होते. अमेरिकी शास्त्रज्ञ होरेस स्टंकार्ड यांनी १९३७ मध्ये त्याचे उत्तर दिले. मातीत व गवताच्या मुळाशी राहणारे ओरिबाटिड जातीचे माइट हे पट्टकृमीचे मधले यजमान असतात. हे माइट गोचिडासारखे रक्त पीत नाहीत. ते कुजलेला पालापाचोळा व बुरशी खाऊन जगतात आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखे दिसतात.

जीवनचक्राचे टप्पे असे:

- गर्भित खंड लेंडीबरोबर गवतात पडतो. खंड फुटून अंडी मातीत मिसळतात.
- माइट ही अंडी खातो. त्याच्या शरीरात अळी अवस्था तयार होते. हवामानानुसार यास साधारण १ ते ४ महिने लागतात.
- कोकरू किंवा करडू गवताबरोबर हा माइट गिळते.
- आतड्यात अळी मोकळी होते, डोके चिकटवते आणि मानेतून खंड तयार करू लागते.
- सुमारे ६ आठवड्यांनी पहिले गर्भित खंड लेंडीत दिसू लागतात.
- मोठा कृमी साधारण ३ महिने जगतो आणि नंतर आपोआप पडून जातो.

यातील दोन आकडे लक्षात ठेवावेत. पहिला, सुमारे ६ आठवडे: माइट पोटात गेल्यापासून खंड दिसेपर्यंतचा काळ. दुसरा, १ ते ४ महिने: आज पडलेल्या खंडातील अंडी पुढच्या कोकराला धोकादायक होण्यास लागणारा काळ. माइट अनेक महिने जगतात. त्यामुळे एकदा दूषित झालेला बांध पुढच्या हंगामातही धोकादायक राहू शकतो.

माइट पहाटे, संध्याकाळी आणि ढगाळ, दमट हवेत गवताच्या पात्यावर चढतात. ऊन तापले की मुळाशी मातीत उतरतात. न नांगरलेल्या कायम गवताळ जागेत त्यांची संख्या अधिक असते, तर नांगरट केलेल्या शेतात कमी होते. म्हणून मेंढ्या बसवलेले आणि नंतर नांगरले जाणारे शेत फारसा धोका देत नाही. खरा धोका कालव्याकाठी, ओढ्याकाठी आणि दरवर्षी त्याच कळपांनी चरलेल्या बांधांवर असतो.

लक्षणे: पट्टकृमीचे किती आणि इतर जंतांचे किती?

पट्टकृमी डोळ्यांना दिसतो, म्हणून कळपातील प्रत्येक आजाराचे खापर त्याच्यावर फोडले जाते. प्रत्यक्षात मोठ्या, चांगले खाद्य मिळणाऱ्या मेंढ्या-शेळ्यांत थोडे पट्टकृमी असले तरी सहसा त्रास दिसत नाही. वयाबरोबर प्रतिकारशक्तीही येते. त्रास होतो तो प्रामुख्याने ६ महिन्यांखालील कोकरांना व करडांना, तोही कृमींची संख्या जास्त असताना.

अशा पिल्लांत पुढील लक्षणे दिसू शकतात:

- वाढ खुंटणे, पोट सुटणे, लोकर किंवा केस निस्तेज होणे.
- कधी पातळ हगवण, कधी लेंडी घट्ट होणे.
- कृमींचा गुंता झाल्यास आतडे तुंबणे व अचानक मृत्यू. हे क्वचित घडते.

याउलट पुढील लक्षणे दिसल्यास पट्टकृमीपेक्षा गोलकृमींचा, विशेषतः चौथ्या पोटात राहून रक्त शोषणाऱ्या हिमॉन्कस या जंताचा संशय घ्यावा:

- डोळ्याच्या पापणीची आतील बाजू फिकट किंवा पांढरी होणे.
- जबड्याखाली पाण्याने सूज येणे.
- मोठ्या जनावरांतही अशक्तपणा, कळपामागे रेंगाळणे, अचानक मरतूक.

हिमॉन्कस लेंडीत दिसत नाही. त्याची अंडी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. लेंडीत पांढरे खंड आणि पापणी पांढरी अशी दोन्ही लक्षणे असतील, तर जीव घेणारा जंत बहुधा न दिसणारा असतो. अशा वेळी फक्त पट्टकृमीचे औषध देऊन थांबल्यास जनावर दगावू शकते.

धडधाकट कोकरू अचानक मेले तर आंत्रविषाराचाही विचार करावा. पावसाळ्यापूर्वीचे आंत्रविषाराचे लसीकरण चुकवू नये.

खंड ओळखण्याची पद्धत

१) सकाळी ताज्या लेंड्या पाहाव्यात. जुन्या लेंड्यांत माशीच्या अळ्या पडतात आणि गफलत होते.

२) संशयास्पद तुकडा पांढऱ्या ताटलीत थोडे पाणी घेऊन त्यात ठेवावा. मोनिएझियाचा खंड चपटा, रुंदीला जास्त आणि लांबीला कमी असतो. माशीची अळी गोलसर, एका टोकाला निमुळती आणि सतत वळवळणारी असते. न पचलेला धान्याचा दाणा दाबला की पीठ निघते.

३) काही पट्टकृमींत खंड स्पष्ट दिसत नाहीत. एव्हिटेलिना हा मेंढ्या-शेळ्यांत आढळणारा पट्टकृमी इतका अरुंद असतो आणि त्याचे खंड इतके अस्पष्ट असतात की तो पांढऱ्या दोऱ्यासारखा किंवा नाडीसारखा वाटतो. स्टिलेसिया या कृमीची एक जात आतड्यात, तर दुसरी जात पित्तनलिकांत राहते. मेलेल्या जनावराची शवचिकित्सा करून घेतल्यास हे नेमके कळते.

४) खंड रोज पडत नाहीत. एक दिवस दिसले नाहीत म्हणून कळप मुक्त आहे असे समजू नये.

५) कळपातील ८ ते १० जनावरांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत घेऊन त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीसाठी द्याव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली मोनिएझिया एक्स्पान्साची अंडी त्रिकोणी, तर मोनिएझिया बेनेडेनीची चौकोनी दिसतात. याच तपासणीत हिमॉन्कस व यकृतातील पर्णकृमी यांचीही माहिती मिळते.

उपचार: डोके सुटले पाहिजे

पट्टकृमीवर चालणारे औषध म्हणजे ज्याने डोके आतड्यापासून सुटते किंवा मरते ते. प्रत्येक जंतनाशक हे काम करत नाही.

- प्राझिक्वांटेल: मोनिएझियासाठी साधारण ५ मि.ग्रॅ. प्रति किलो वजन. एव्हिटेलिना व स्टिलेसिया असल्यास जास्त मात्रा लागते, ती पशुवैद्यकांनी ठरवावी.
- निक्लोसामाइड: साधारण ५० ते १०० मि.ग्रॅ. प्रति किलो वजन. फक्त पट्टकृमींवर आणि काही पर्णकृमींच्या लहान अवस्थांवर चालते, गोलकृमींवर नाही.
- अल्बेंडाझोल: साधारण ७.५ ते १० मि.ग्रॅ. प्रति किलो वजन. मोनिएझियाबरोबर गोलकृमींवरही चालते. गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये.
- फेनबेंडाझोल: पट्टकृमीसाठी साधारण १० मि.ग्रॅ. प्रति किलो वजन.

आयव्हरमेक्टिन, लेव्हामिसोल आणि क्लोसँटेल ही औषधे पट्टकृमींवर चालत नाहीत. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिल्यानंतरही खंड दिसत राहिले तर त्यात नवल नाही.

मात्रा अंदाजाने न देता वजनावर द्यावी. उदाहरणार्थ, २० किलोच्या करडाला अल्बेंडाझोल १० मि.ग्रॅ. प्रति किलो या दराने २०० मि.ग्रॅ. लागते. बाटलीतील द्रावण २.५ टक्के म्हणजे प्रति मि.लि. २५ मि.ग्रॅ. असेल, तर ८ मि.लि. द्यावे. द्रावणाची तीव्रता कंपनीनुसार बदलते, म्हणून बाटलीवरील मजकूर वाचूनच हिशोब करावा. कळपातील सर्व पिल्लांना सरासरी वजनाने डोस दिल्यास मोठ्या पिल्लांना तो कमी पडतो आणि त्यांच्यात डोकी शिल्लक राहतात. वजनाचे गट करून प्रत्येक गटातील सर्वात जड पिल्लाच्या वजनाने डोस ठरवावा. औषधानंतर मांस व दूध किती दिवस वापरू नये, हे पशुवैद्यकांना विचारून घ्यावे.

औषधाचा परिणाम कसा तपासावा?

औषध दिल्यावर मोठी फीत पडली नाही, म्हणून ते लागू पडले नाही असा निष्कर्ष काढू नये. प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइडने मेलेला कृमी बऱ्याचदा आतड्यातच विरघळतो आणि लेंडीत काहीच दिसत नाही. उलट लांब फीत पडली म्हणजे काम झाले असेही नाही. माळ तुटून पडली आणि डोके राहिले, असे होऊ शकते.

त्यामुळे कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवावी आणि पुढीलप्रमाणे पाहावे.

- औषधानंतर ४ आठवड्यांच्या आत खंड पुन्हा दिसले: डोके शिल्लक राहिल्याची, डोस कमी पडल्याची किंवा औषधच चुकीचे असल्याची शक्यता अधिक. वजन आणि औषध तपासून घ्यावे.
- ६ आठवडे किंवा त्यानंतर दिसले: चराईतून नवीन संसर्ग झाल्याची शक्यता अधिक. औषध बदलण्यापूर्वी चरण्याची जागा बदलण्याचा विचार करावा.

या एका नोंदीने अनावश्यक औषधाचा खर्च वाचू शकतो. वारंवार औषध दिल्याने हिमॉन्कससारख्या गोलकृमींमध्ये औषधाला न जुमानण्याची ताकद वाढते, तेही टळते.

वेळापत्रक व प्रतिबंध

- करडे व कोकरे साधारण महिन्याची झाल्यावर गवत तोंडात घेऊ लागतात. त्यानंतर सुमारे ६ आठवड्यांनी खंड दिसू शकतात. म्हणून पहिला डोस साधारण अडीच ते तीन महिन्यांच्या वयात द्यावा आणि पुढचा लेंडी तपासणीनुसार ठरवावा.
- मोठ्या जनावरांना केवळ खंड दिसले म्हणून सरसकट औषध देऊ नये. अशक्त जनावरे व तपासणीचा निकाल पाहून निर्णय घ्यावा.
- दव असताना पिल्लांना कालव्याकाठच्या गवतात सोडू नये. ऊन पडून पाने सुकल्यावर सोडावे.
- पिल्लांना शक्यतो पिकांची काढणी झालेल्या, त्या वर्षी नांगरलेल्या शेतात चारावे. कायम गवताचे बांध मोठ्या जनावरांसाठी ठेवावेत.
- बंदिस्त शेळीपालनात बांधावरचे ओले गवत कापून लगेच न देता सुकवून द्यावे.
- औषध दिल्यानंतर जनावरे एक दिवस वाड्यातच ठेवावीत. त्या दिवशीच्या लेंड्या खड्ड्यात टाकून कुजवाव्यात.

कुत्र्यातील पट्टकृमी: खंड लहान, धोका मोठा

मेंढपाळाबरोबर कुत्रा असतोच. मोनिएझिया कुत्र्याला होत नाही, पण कुत्र्याच्या आतड्यातील काही पट्टकृमी मेंढी आणि माणूस दोघांनाही घातक ठरतात. येथे साखळी उलट असते. मोठा कृमी कुत्र्यात राहतो आणि अळीची पाण्याने भरलेली गाठ मेंढीत तयार होते.

टीनिया मल्टिसेप्स: याची अंडी गवताबरोबर मेंढीच्या पोटात गेली की अळी मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे पाण्याची गाठ वाढते. मेंढी एकाच दिशेने गोल गोल फिरते, मान वाकडी करते, तिला एका डोळ्याने दिसेनासे होते, कळपापासून वेगळी पडते. हे बहुतांशी तरुण मेंढ्यांत दिसते. गाठ वरच्या भागात असल्यास पशुवैद्यक शस्त्रक्रिया करून काढू शकतात.

टीनिया हायडॅटिजेना: कापलेल्या बकऱ्याच्या पोटातील पडद्यावर पाण्याने भरलेला पातळ फुगा लोंबताना दिसतो, तो याचाच. तो कुत्र्याला टाकला की कुत्र्यात नवा पट्टकृमी तयार होतो.

इकायनोकॉकस: हा पट्टकृमी फक्त २ ते ७ मिलिमीटर लांब असतो आणि त्याला साधारण ३ ते ४ खंड असतात. कुत्र्याच्या विष्ठेत तो डोळ्यांना दिसत नाही. मात्र त्याच्या अंड्यांमुळे मेंढीच्या आणि माणसाच्या यकृतात व फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. माणसात त्या अनेक वर्षे हळूहळू वाढतात आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

डिपिलिडियम: कुत्र्याच्या गुदद्वाराजवळ काकडीच्या बीसारखे हलणारे खंड दिसतात, ते याचे. हा पिसवांमार्फत पसरतो. म्हणून औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा.

सहा मीटर लांब मोनिएझिया माणसाला काही करत नाही, पण न दिसणारा इकायनोकॉकस माणसाला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेतो. म्हणून कळपाबरोबर कुत्र्यालाही औषध द्यावे.

- कुत्र्याला प्राझिक्वांटेल साधारण ५ मि.ग्रॅ. प्रति किलो वजनाने दर ३ महिन्यांनी द्यावे. कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला दर ६ ते ८ आठवड्यांनी द्यावे लागते.
- मेलेल्या किंवा जत्रेत कापलेल्या जनावराचे डोके, यकृत, फुफ्फुस व पोटातील पाण्याचे फुगे कुत्र्याला कच्चे घालू नयेत. खोल पुरावेत, जाळावेत किंवा पूर्ण शिजवावेत.
- कुत्र्याला हाताळल्यानंतर जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना ही सवय लावावी.

माणसातील पट्टकृमी आणि भाजीपाला

माणसाच्या आतड्यात टीनिया सोलियम हा डुकराच्या मांसातून, तर टीनिया सॅजिनाटा हा गोवंशाच्या मांसातून येतो. सोलियम साधारण २ ते ४ मीटर लांब असतो, तर सॅजिनाटा त्याहून लांब असतो आणि त्याला हजाराहून अधिक खंड असू शकतात. सोलियमचे खंड सहसा माळेने पडतात. सॅजिनाटाचे खंड एकेकटे सुटतात आणि स्वतः सरकतही बाहेर येतात.

सोलियमचा खरा धोका वेगळा आहे. या कृमीने बाधित माणसाच्या विष्ठेतील अंडी दुसऱ्या कोणाच्या पोटात गेली, तर अळीच्या गाठी स्नायूंत व मेंदूत तयार होतात. फिट येण्याच्या आजाराचे हे एक प्रमुख टाळता येण्याजोगे कारण आहे. मांस कधीही न खाणाऱ्या माणसालाही हा आजार होऊ शकतो, कारण अंडी दूषित हातांवरून, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीवरून येतात.

भाजी उत्पादकांनी म्हणून पुढील काळजी घ्यावी:

- कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना सांडपाणी देऊ नये. काढलेली भाजी नाल्याच्या पाण्यात धुऊ नये.
- शेतावर मजुरांसाठी शौचालय व हात धुण्याची सोय असावी.
- मोकाट डुकरे शेतात व उकिरड्यावर फिरू देऊ नयेत.

१८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या रुग्णालयापासून मिरज उपचारांचे गाव म्हणून ओळखले जाते. प्रथमच फिट आली असेल किंवा पोटात गाठ जाणवत असेल, तर देवऋषाकडे वेळ न घालवता डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी. घरात कुत्री, मेंढ्या असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पशुपालकांचे नेहमीचे प्रश्न

लेंडीत खंड पडणाऱ्या बकऱ्याचे मांस खावे का?
मोनिएझिया आतड्यात राहतो, मांसात नाही, आणि तो माणसाला होत नाही. मांस नीट शिजवून खाण्यास हरकत नाही. औषध दिले असल्यास ठरावीक दिवस थांबावे.

मेंढ्या बसवल्याने पट्टकृमीची अंडी पिकाला अपाय करतात का?
नाही. पिकावर त्यांचा परिणाम होत नाही. शेत नांगरल्यावर माइटची संख्याही कमी होते.

माळ पूर्ण ओढून काढली तर चालेल का?
शेपटीखाली लोंबणारी फीत ओढू नये. ती तुटते, डोके आत राहते आणि नवे खंड तयार होतात.

गाई-म्हशींना हेच औषध द्यावे का?
वासरांत मोनिएझिया आढळतो. मात्रा वजनानुसार वेगळी असते, म्हणून पशुवैद्यकांना विचारावे.

लक्षात ठेवण्याचे मुद्दे

- लेंडीतील पांढरा खंड हे माळेचे टोक आहे. नवे खंड मानेतून येतात.
- औषधाने डोके सुटले तरच उपचार पूर्ण होतो. आयव्हरमेक्टिनने ते सुटत नाही.
- औषधाची तारीख लिहावी. ४ आठवड्यांच्या आत खंड दिसले तर डोस व औषध तपासावे, ६ आठवड्यांनंतर दिसले तर चराई तपासावी.
- पापणी पांढरी असेल तर पट्टकृमीवर थांबू नये, लेंडी तपासून घ्यावी.
- कळपाबरोबर कुत्र्यालाही औषध द्यावे.

अधिक माहिती व लेंडी तपासणीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाशी संपर्क साधावा. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे. शवचिकित्सा किंवा किचकट निदानासाठी शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, तर मेंढी-शेळीपालनाच्या मार्गदर्शनासाठी कवठेमहांकाळ तालुक्यातील रांजणी येथील मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र उपयुक्त ठरते. लेखातील मात्रा सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावे.